क्षेत्रेबाई आणि ज्ञानेश्वरीची पात

आमच्या सावेडीच्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर लिडिया क्षेत्रे राहतात. सगळेच त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पाथर्डीकडच्या एका हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या. निवृत्त माणसानं मुकाट घरात बसावं, गुडघ्यांना तेल लावावं. बाईंनी उलट नवा उद्योग काढला. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्यामुळे ज्यांची शाळा सुटली अशा पोरापोरींना हुडकायचं, बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि शेवटचा पेपर होईपर्यंत त्यांची पाठ सोडायची नाही. माझ्याकडे जुनी मारुती आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. या दोन कारणांमुळे मी त्यांचा बिनपगारी ड्रायव्हर झालो.

बाईंच्या हातून चूक झालेली मी एकदाच पाहिली. ती ज्ञानेश्वरीच्या फॉर्मात झाली.

ही पोरगी पाथर्डी तालुक्यातली. आठवीत शाळा सुटलेली, पण डोकं तल्लख. बाईंची बाकीची मुलं हंगामात गावी आजीआजोबांजवळ राहत, त्यामुळे त्यांचं परीक्षा केंद्र पाथर्डीलाच बरं पडे. त्याच सवयीनं बाईंनी हिच्याही फॉर्मात पाथर्डी टाकलं. पण ज्ञानेश्वरीला गावी कुणीच नव्हतं. दिवाळी झाली तशी ती आईबापांबरोबर राहुरीकडे तोडीला गेली, आणि हॉल तिकीट हातात आलं तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की ऐन परीक्षेत पोरगी एकीकडे आणि केंद्र दुसरीकडे. मधे तीन तासांची वाट.

"आबासाहेब, मी गाढव आहे," बाई मला म्हणाल्या. तीस वर्षं दुसऱ्यांना गाढव म्हटलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला मजा वाटली असती, पण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही राहुरीची वाट धरली. मुळा धरणाच्या कालव्याजवळ दहा-बारा कोप्या होत्या. म्हणजे बांबू आणि पाचटाच्या झोपड्या, माणूस वाकल्याशिवाय आत जात नाही अशा. ज्ञानेश्वरीची आई मनकर्णा दारात पाय लांब करून बसली होती. घोट्यावर कोयता लागला होता, टाके पडले होते. आईच्या जागी पोरगी बापाबरोबर तोडीला उभी राहत होती.

तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. प्रत्येक कोयत्याला फडातला उसाचा एक पट्टा नेमून दिलेला असतो, त्याला पात म्हणतात. एका हातानं पात उरकत नाही. ती मागे राहिली की भरायला आलेला ट्रॅक्टर खोळंबतो आणि सगळी टोळी त्या घराच्या नावानं बोटं मोडते.

ज्ञानेश्वरीचा बाप गोरक्ष भला माणूस. त्यानं आम्हाला पोत्यावर बसवलं, काळा चहा दिला. म्हणाला, "बाई, तिनं शिकावं आसं मला वाटत न्हाई व्हय? केंद्र राहुरीला आसतं तर पेपर दिऊन दुपारी फडात आली आसती. तीन आठवडे पोर न्हाई म्हनल्यावर मुकादम मला ठिवंल का? दुसरी जोडी आनंल. ह्या वर्षी ऱ्हाऊ द्या."

"पुढच्या वर्षी तरी बसवाल?" बाईंनी विचारलं.

गोरक्ष कालव्याकडे बघत राहिला. मनकर्णा म्हणाली, "पुढल्या वर्साला तिचाच कोयता हुईल, बाई. सोयरीक आलीया."

म्हणजे हीच एक संधी. ज्ञानेश्वरी बाजूला उभी होती, ऊस सोलून हात काळे झालेले. मराठीच्या पुस्तकाची घडी करून तिनं कमरेला खोचलं होतं. मला तिची दया आली आणि राग सगळ्यांचाच आला, बाईंचासुद्धा.

शेजारच्या कोपीपुढे एक पंचविशीतली बाई वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी बांधत होती. ती हात झटकत उठून आली. "मला वळखलं का बाई?"

"बनू," बाई म्हणाल्या. "नववी ब. तिसरा बाक."

बनुबाईनं मान हलवली आणि ती सरळ गोरक्षाकडे वळली. "दाजी, तिची पात आमी बायका वाटून घिऊ. नऊ कोयतं हायेत. दर कोयत्यानं चार चार मोळ्या जास्ती बांधल्या तर कुनाचं हाड मोडत न्हाई. ट्रॅक्टर टायमात भरला म्हंजी मुकादमाला कशाला इचारायचं?"

तिनं तिथल्या तिथं एकेका कोपीत डोकं घालून बायकांना विचारलं. दोघी कुरकुरल्या, सात जणी हो म्हणाल्या, मग त्या दोघींनाही मान डोलवावी लागली. गोरक्षाला नाही म्हणायला जागाच उरली नाही. त्यानं डोळे पुसले आणि धुराच्या नावानं खाकरला.

आम्ही निघालो तेव्हा बनुबाई गाडीपर्यंत आली. ज्ञानेश्वरीचं बोचकं मागच्या सीटवर ठेवत ती सहज म्हणाली, "माज्या टायमाला तुमी फडात आला न्हवता, बाई."

बाईंनी गाडीत बसून दार ओढून घेतलं.

पुढचे तीन आठवडे ज्ञानेश्वरी बाईंच्या घरी राहिली. ती माळकऱ्याची पोर, म्हणून बाईंनी रविवारचं मटण बंद केलं. त्या मटणाची एक वाटी दर रविवारी वर माझ्याकडे येत असे, तीही बंद झाली. शिक्षणासाठी मी केलेला हा त्याग कुठंही नोंदवला गेलेला नाही. पेपरच्या दिवशी सकाळी सातच्या एसटीनं दोघी पाथर्डीला जात. बाई केंद्राबाहेर लिंबाखाली तीन तास बसून राहत.

निकाल लागला तोवर टोळ्या गावी परतल्या होत्या. पासष्ट टक्के पडले. आम्ही पेढे घेऊन गावी गेलो. मारुतीच्या देवळाच्या पारावर बायका जमल्या. गुणपत्रिका बनुबाईनं मागून घेतली आणि एकेक विषय मोठ्यानं वाचून दाखवला, इंग्रजी अक्षरंसुद्धा कुठंही न अडखळता. सोयरीक गोरक्षानं परत पाठवली होती. ज्ञानेश्वरी अकरावीला पाथर्डीच्या वसतिगृहात जाणार होती.

बायका पांगल्यावर बाई बनुबाईजवळ बसल्या. "बनू, चुकलं माझं. नववीत तुझी शाळा सुटली तेव्हा मी कारखान्याच्या पत्त्यावर एक पत्र टाकलं आणि आपलं काम झालं असं समजले."

"पत्र आलं हुतं की. मीच वाचून दावलं आईला," बनुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुमी लिवलं हुतं, पोरीला शाळंत परत पाठवा. मला वाटलं, पत्र आलं म्हंजी मागून बाईबी येतील. आठ दिस पुस्तकं पिशवीत भरून कोपीच्या दारात ठिवली हुती."

बाईंनी तिचा हात धरला. मी पेढ्यांचं खोकं उगाच उघडत-मिटत राहिलो.

परतीच्या वाटेवर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. एरवी त्या माझ्या ड्रायव्हिंगमध्ये शंभर चुका काढतात. करंजीचा घाट उतरून खाली आलो. मग म्हणाल्या, "आठ दिवस, आबासाहेब. आणि मी त्या आठ दिवसांत सहामाहीचे पेपर तपासत होते."

मला प्रत्येक गोष्टीवर बोलायची सवय आहे. त्या दिवशी मी नुसती गाडी चालवली.