भिंतीपलीकडची पाखरं

केंग हुआतचा मला राग येतो. त्यानं आपलं राहतं घर पाखरांना दिलं आणि शेजारच्या माणसाला जगणं नकोसं केलं. मलेशियातल्या मलाक्याच्या आमच्या गल्लीत त्याचं घर आणि माझ्या चिमचं, म्हणजे धाकट्या काकीचं घर, यांच्यात एकच भिंत. पलीकडे त्यानं खिडक्या चिणून, छपरात फक्त एक झरोका ठेवून अंधार केला आणि पाकोळ्या पाळल्या. त्यांची लाळेची घरटी सूपासाठी विकली जातात. पाखरांना दमट हवा लागते, म्हणून तिथं दिवसभर पाण्याचे फवारे. ओल मात्र सगळी इकडे.

गेक निओ चिम हट्टी, जिभेची तिखट. काका गेल्यापासून भिंतीची डागडुजी तीच करते. चुन्यात गुळाचं पाणी घालून मळायचं, तडा खरवडून रुंद करायचा, मग थरावर थर. चिनी नव्या वर्षाला भिंत गुळगुळीत, आणि सण सरतो न सरतो तोच पोपडे!

यंदा कुणाचं तरी ऐकून तिनं गवंड्याकडून सिमेंट मारून घेतलं. आतली ओल कोंडली आणि अख्खा थर पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर कोसळला. काकांचा फोटो फुटला. चिम तडक केंग हुआतच्या दारात.

"फवारे बंद कर."

"चिम, तुमचं घरच म्हातारं झालंय. मी घेतो की विकत. तुम्ही लेकाकडे जाऊन आराम करा."

"आणि देव्हाऱ्यात काय, तुझी पाखरं बसवू?"

तो हसला. गल्लीतले चार जणही हसले. मेल्यांनो, तुमच्या भिंती कोरड्या आहेत म्हणून हसता!

दुसऱ्या दिवशी चिमनं छिन्नी-हातोडा घेतला. मला वाटलं, नेहमीसारखा तडा रुंद करतेय. ती थांबेचना.

"चिम, वीट लागली!"

"डोळे आहेत मला. घमेलं आण."

संध्याकाळपर्यंत भिंतीला आरपार भोक पडलं. तिनं त्यात लख्ख दिवा टांगला आणि पलीकडची दमट हवा सुकावी म्हणून समोर पंखा लावला. पाकोळ्या परतल्या, आत उजेड बघून छपरावर घिरट्या घालत राहिल्या. एकही शिरेना.

केंग हुआत पलीकडून धावत आला. भोकात त्याचा लालबुंद चेहरा दिसला.

"वेड लागलंय का तुला, म्हातारे? बुजव ते!"

चिमनं चुन्यानं भरलेली थापी भोकातून त्याच्या नाकासमोर धरली. "माझी बाजू मी आजवर लिंपली. तुझी तू लिंप. आधी पाणी बंद कर."

त्यानं थापी घेतली नाही. चिमनं ती तशीच धरून ठेवली, फवारे थांबेपर्यंत.