रडारवाल्याने तापी ओलांडली

मुंबईहून सुरतमार्गे नंदुरबार, तिथून एस.टी.ने तापीचा काठ, होडीने प्रकाशा आणि पुढे बैलगाडीने कळसाडी, असा बेत करत असाल तर तुम्हाला उशीर झाला. आता पूल आहे. मी गेलो तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. मालवाहू जहाजावर मी शिकाऊ अधिकारी होतो आणि मला रडार वापरता येत होतं, म्हणजे बाकी जगाला काही येत नाही अशी माझी खात्री होती. आबांना, माझ्या वडिलांना, ही नोकरीच नको होती. धुक्यात जहाजं आपटतात, एवढंच त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. ते ‘नाही’ म्हणाले की समुद्र संपला, आणि त्यांचं मन वळवायला माझ्याकडे आठ दिवस होते.

नवापूर स्टेशनवर चहा प्यालो. तुम्ही पिऊ नका. समोर बसलेल्या नंदुरबारच्या कापडवाल्या चाचांना मी रडार समजावलं. पडद्यावर दुसरं जहाज ठिपक्यासारखं दिसतं. दर तीन मिनिटांनी मेणाच्या पेन्सिलीने त्याची खूण करायची. ठिपका जवळ येतोय, पण दिशा तीच, तर टक्कर ठरलेली.

“मग ते यंत्र जहाज वळवतं?”

“नाही, फक्त दाखवतं.”

“आमच्या मेव्हण्यासारखंच,” म्हणाले आणि झोपले.

सकाळी अलीकडच्या काठावर आबा मला न्यायला घोंगडी पांघरून उभे होते; आम्ही एकाच होडीत बसलो. धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात. भाडं माणशी दोन आणे. माझे सल्ले फुकट. नावाडी रामदादा वल्ही मारत होता. पलीकडचा काठ जवळ आला असेल तोच समोरून कुणाचा तरी खोकला ऐकू आला. पुन्हा आला, मोठा झाला, दिशा तीच. माझी छाती फुगली.

“टक्कर!” मी ओरडलो. “दोघंही उजवीकडे घ्या!”

समुद्राचा नियम अगदी बरोबर होता. फक्त वल्ही मारणारा पुढे पाठ करून बसतो, हे नियम करणाऱ्यांनी मला सांगितलं नव्हतं. रामदादाने होडी त्याच्या उजवीकडे घेतली. समोरचा उभा राहून बांबूने होडी ढकलत होता. त्याने त्याच्या उजवीकडे घेतली. दोघं एकाच बाजूला आले. समोरच्या होडीतले केळीचे घड पाण्यात, आणि आमच्या होडीतले आबाही. पाणी कमरेएवढंच होतं, पण मला त्या क्षणी ते ठाऊक नव्हतं. मी जन्मात इतका घाबरलो नाही.

“भाऊ,” आबांना वर ओढत रामदादा मला म्हणाला, “नदीमा उजवं-डावं नही ऱ्हास. धारना वर, नही ते खाले.”

घरी शेकोटीशी बसून आबांनी एकच विचारलं, “तुन्हा यंत्रमा आम्हनी व्होडी दिखस का?”

‘दिसते’ म्हटलं असतं तर काम झालं होतं. मी खरं सांगितलं. लाकडी होडीचा ठिपका फार पुसट येतो. लाटांमुळे उमटणाऱ्या ठिपक्यांचा कचरा पडद्यावरून पुसायला एक बटण असतं, आणि पडदा स्वच्छ दिसावा म्हणून मी ते भरपूर फिरवतो. कचऱ्याबरोबर होडीही जाते.

सात दिवस आबा फक्त पिकापाण्याचं बोलले. आईने भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली; मला चव लागली नाही. आठव्या दिवशी त्यांनीच बैल जुंपले.

“जाय,” म्हणाले. “पन ते बटन जास्त फिरावू नको.”

पुढे दोन कप्तानांनी माझ्याबद्दल लेखी तक्रार केली की याचा पडदा कायम घाण असतो. दोन्ही कागद मी कळसाडीला नेऊन आबांना वाचून दाखवले. त्यांनी दुसरा कागद पुन्हा वाचायला लावला.