अप्पांच्या मातीवरचा रातवा

आमच्यात माणूस गेला की त्याला पुरतात. कागलजवळच्या आमच्या शेतात, ऊस संपून खडकाळ माळ सुरू होतो तिथं, वडिलांना, म्हणजे अप्पांना, मातीत ठेवलं होतं. वर दगडी कट्टा पहिल्या पुण्यतिथीच्या आत बांधायचा, असं काकांनी ठरवलं होतं. तोवर नुसता मातीचा उंचवटा. दर सोमवारी मी राजारामपुरीहून एसटीनं जायची, ताजा बेल वाहायची आणि आधीची सुकलेली पानं उचलायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा तो उन्हाळा होता. एका सोमवारी मी पाचोळ्यात हात घातला आणि त्यातली मूठभर पानं उडून गेली.

ती रातवा या निशाचर पाखराची मादी होती. जरा पलीकडं भुईवर बसली आणि डोळ्यांदेखत दिसेनाशी झाली. तपकिरी, करडी, वाळक्या सालीसारखी. घरटं म्हणून एक काडीसुद्धा नव्हती. उघड्या मातीवर दोन फिकट, डागाळलेली अंडी. तिन्हीसांजेला माळावरून येणारा रातव्याचा आवाज मला लहानपणापासून ठाऊक होता: फरशीवर टाकलेली गोटी टपटप उडत शेवटी थरथरून थांबावी, तसा. पाखरू मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

वर्षभर मी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी काकांकडं मागितलं, "पिल्लं उडेपर्यंत कट्टा थांबवा."

"पाखरासाठी? बेळगावचं पावणं येनार पूजेला. सख्ख्या भावाला चार दगड जुळंनात म्हनतील."

मला वाद घालता येत नाही. त्या मातीवर काहीतरी जगायला हवं होतं, एवढंच मला कळत होतं.

पुढं अंडी फुटली. पिल्लं म्हणजे मातीच्याच रंगाचे दोन कापसाचे बोळे. त्याच आठवड्यात काका गवंड्याला घेऊन आले. गवंड्यानं दोरी ताणली, तशी मादी एक पंख फरफटत काकांच्या पायाशी लोळू लागली.

"आरं, हिचा पंख मोडलाय की," म्हणत काका धोतर सावरून मागं धावले. ती हातभर पुढं, काका हातभर मागं. माळाच्या पार टोकाला नेऊन तिनं दोन्ही पंख उघडले आणि सुखरूप उडून गेली.

गवंडी दोरीवरच बसून हसत होता. "मालक, बाईनं शिवार दावलं तुम्हास्नी."

काका घाम पुसत आले. पिल्लांकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोरी गुंडाळ. आईनं हाकललंय आपल्याला."

पुण्यतिथीला कट्टा नव्हता. पूजा बाजूला मांडली. पाहुण्यांनी विचारलंच. काका म्हणाले, "जागा भरलीया. रिकामी झाली की बांधू."

तिन्हीसांजेला दिव्याभोवती पाकोळ्या जमल्या. मादी आवाज न करता आली, मोठा जबडा वासून एक पाकोळी टिपून गेली. तिच्यामागं मातीतून एक पिल्लू उठलं, मग दुसरं. जरा डगमगली, पण उसाच्या शेंड्यांवरून गेली. पंगतीतली माणसं हातातला घास तसाच धरून वर बघत होती. काका माझ्या शेजारी उभे होते.

"गेली की गं दोन्ही," ते म्हणाले.

वर्षभरात पहिल्यांदाच त्या मातीजवळ मी मान वर करून उभी होते आणि हसत होते.