देवळामागच्या घरची

आईला सांभाळायला येणारी बाई नेमकी कुठली, हे मला अजूनही माहीत नाही. वर्षभर ती आमच्या बोरीवलीच्या घरात वावरली, माझ्या गाऊनची शिवण उसवली की न सांगता घालून ठेवायची, आणि तरी माहीत नाही. आधीची बाई काम सोडताना हिला आणून दारात उभी करून गेली. "कलकत्त्याच्या पुढची आहे, हात स्वच्छ आहे," एवढंच म्हणाली. पुढची म्हणजे किती पुढची, हे मी विचारलं नाही. आईची उजवी बाजू अर्धांगाने गेली होती, डोकंही मधूनमधून भरकटायचं, आणि मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर व्हायचं होतं. अशा वेळी माणूस भूगोल विचारत नाही.

एरवी या विषयावर माझी मतं एकदम पक्की. सीमा ओलांडून चोरून यायचं, इथले कागद बनवायचे, रेशन उचलायचं, सरकारी दवाखान्यात खाट अडवायची, हे मला मान्य नाही. आईला झटका आला तेव्हा खाट नाही म्हणून ती व्हरांड्यात स्ट्रेचरवर पडून होती, ते मी विसरलेले नाही. कोणी शहाणपणाने म्हणालं की अगं, तुझे वडीलही बाहेरूनच आले ना, तर माझं डोकं फिरतं. वडील कोकणातून गिरणीत कामाला आले ते स्वतःच्याच मुलखात आले. दोन्ही गोष्टी एका तागडीत घालू नयेत. हे मी आजही म्हणते. फक्त म्हणताना आवाज पूर्वीसारखा लागत नाही.

बाई आली तेव्हा तोडकंमोडकं हिंदी बोलायची. आई हिंदीला दाद देईना. आजारानंतर तिची शाळेतली मराठीसुद्धा गळून गेली होती आणि नुसती मालवणी उरली होती. त्यामुळे बाई जे शिकली ते थेट आईकडून शिकली. "आये, जेवूक उठ गो," असं ती म्हणायला लागली तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले होते, गावची कोणी आली की काय म्हणून. फोनवर स्वतःच्या माणसांशी बोलायची ती मात्र बंगालीत. ती बंगाली इकडची की तिकडची, हे मला ओळखता येत नव्हतं. मी काही दिवस कान देऊन ऐकलं, मग स्वतःचीच लाज वाटली आणि दार लोटून घेतलं.

आई तिला गाव सांगायची. देवळामागचं आमचं घर, शेजारून वाहणारा व्हाळ, पावसाळ्यात त्या ओढ्याचं पाणी अंगणात कसं शिरायचं. तेच तेच, रोज. मी दोन वाक्यांत कंटाळायचे. ती आईचे पाय चोळत "मगे?" विचारायची. आई तिला 'चेडू' म्हणायची, म्हणजे मुलगी. मला आई कधीकधी माझ्या आत्याच्या नावाने हाक मारायची.

मग एका महिन्यात आसपासच्या वस्त्यांत पोलिसांची तपासणी सुरू झाली आणि आमच्या सोसायटीने ठरवलं की घरकामाच्या सगळ्या बायकांची चौकशी करायची. ग्रुपवर मेसेज आला त्याला मीही अंगठ्याची खूण टाकून होकार दिला होता. आपल्या घरात कोण येतं हे मला त्या क्षणी खरंच आठवलं नाही. आठवलं तेव्हा रविवार उजाडला होता आणि सेक्रेटरी दारात उभे होते.

सेक्रेटरी आमच्याकडचेच, शेजारच्या तालुक्यातले. त्यांचे वडीलही गिरणीत. निवृत्त झाल्यापासून सोसायटी हाच त्यांचा संसार. स्वभावाने तापट, पण आईला दवाखान्यातून आणलं तेव्हा लिफ्ट बंद होती आणि चार मजले खुर्ची उचलणाऱ्यांत ते पुढे होते. आत येऊन त्यांनी बाईकडे पाहिलं आणि विचारलं, "हां, बाई, कुठल्या तुम्ही?"

बाईने हातातली वाटी खाली ठेवली. तेवढ्यात खाटेवरून आई खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्याच गावचा चेडू तां. देवळामागल्या घरातला."

सेक्रेटरींचा चेहराच बदलला. "काय सांगतास! गाववाली?"

बाईने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पदर सारखा करून म्हणाली, "येवा, बसा. च्या ठेवतंय."

झालं. आमच्या लोकांना मालवणीत 'येवा, बसा' म्हटलं की पुढचं काही विचारायचं उरत नाही. त्यांनी चहा घेतला, आणखी अर्धा घेतला, बांगड्याला तिरफळ किती घालावी यावर तिच्याशी वाद घातला आणि निघाले. जाताना मला म्हणाले, "असं आपलं माणूस ठेवलं पाहिजे. नाहीतर हे बाकीचे बघा, कोणाकोणाला घरात घेतात."

मी कप उचलून आत नेले. आईला खोटं पाडायचं? आणि ते खोटं तरी होतं का, आईला तर ते खरंच वाटत होतं. दुपारी मी बाईला हळूच विचारलं, "तुझ्याकडे कागद आहेत ना?"

"आसत," ती म्हणाली आणि भांडी घासत राहिली. मी पुढे विचारलं नाही. आहेत म्हणाली ना, मग झालं. पण झालं नव्हतं. ऑफिसात बसून मी विचार करायचे की ती सरळ बंगालची असेल, इथलीच नागरिक असेल, तर मी उगाच घाबरतेय. आणि नसेल तर मी काय करतेय? एकाच दिवसात मी दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडायचे आणि दोन्ही बाजूंना हरायचे.

आता सेक्रेटरी गाववालीसाठी झटायला लागले. सरकार बायकांना दर महिन्याला पैसे देतं, ते हिला मिळत नाहीत हे त्यांना कळलं आणि त्यांचा संताप झाला. "बाहेरचे येऊन लाटतात आणि आपल्या बायका लाजत बसतात. आधार घेऊन ये गो, मी सगळा करून देतंय."

"कागद गावाक आसत," ती म्हणाली.

आठवडाभराने ते पुन्हा आले. मग जिन्यात भेटले तेव्हा पुन्हा. बाई खाली मान घालून "हाडतंय, हाडतंय" म्हणायची, आणते आणते. ते खरोखर चांगुलपणाने करत होते, म्हणून त्यांना थांबवायचं कसं ते मला सुचेना. चौकशीला आलेला माणूस परतवता येतो. मदतीला आलेल्याला काय सांगणार? शेवटी ते आनंदाने सांगत आले की त्यांचा पुतण्या गावी चालला आहे, वाट वाकडी करून देवळामागच्या घरात जाईल आणि कागद घेऊन येईल. बाई म्हणाली, "बरा."

त्या संध्याकाळी तिने आईची वेणी घातली, नखं कापली, औषधांच्या डब्या ओळीने लावल्या. "येतंय गो, आये," म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. फोन बंद. तिच्या वस्तीत जाऊन विचारलं तर शेजारीण दार अर्धवट उघडून म्हणाली, खोली सोडली.

आईने खाणं सोडलं. नवी बाई आणली, रत्नागिरीची, कागदपत्रं चोख. स्वभावानेही बरी. पण तिच्या हातचा घास आई थुंकायची, माझ्या हातचा तोंडातच घ्यायची नाही. पेजेचं पाणी तेवढं ओठावरून जायचं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. मला बाईचा राग आला, सांगून तरी जायचं. सेक्रेटरींचा आला. स्वतःचा तर आलाच. आणि खरं सांगते, आईचासुद्धा आला.

सेक्रेटरी आले तेव्हा मी वाटी घेऊन आईसमोर बसले होते. ते कष्टी होते. "पुतण्या जाऊन आला. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, सगळी मुंबईत असतात." तेच आमचं घर, कुलूपही मीच लावलेलं. "बघा, गावात कोणी नाही, इथे या बाहेरच्यांच्या गर्दीत आपल्या बाईचा निभाव लागत नाही. गेली बिचारी कुठेतरी."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आता आठवत नाही. आईनेच विचारलं, "चेडू खंय गेला?"

"गावाक गेला गो," सेक्रेटरी म्हणाले. "आपल्या घराक."

"मगे बरा," आई म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं. मी घाईघाईने घास भरवला. तिने तो चावला, गिळला, आणि पुन्हा तोंड उघडलं.