कौसल्याबाईंचं न छापलेलं पत्र

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय ते, खरं सांगायचं तर, शुद्धलेखनाच्या चुका शोधायच्या जुन्या सवयीने. त्यामुळे आता स्वतःच लिहायला बसलोय यातली गंमत मला कळते... पण यात भूत नाही. पांढरी साडी नाही, कुत्री रडत नाहीत. भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, चहा पिताना घडलेली गोष्ट आहे. भीती मला तेव्हाही वाटली नाही. लाज वाटली. ती अजून गेलेली नाही म्हणून हा खटाटोप.

नव्वदच्या दशकाचा मध्य. आमचं शहर तेव्हा नुसतं ‘नगर’ होतं. मी सावेडीत दोन खोल्यांत राहायचो आणि स्कूटरवरून एका स्थानिक दैनिकात उपसंपादकी करायला जायचो. दैनिक केव्हाच बंद पडलं, त्याचं नाव लिहीत नाही.

त्या वर्षी टीव्हीवर दर गुरुवारी एक गुन्हेगारी मालिका लागायची. घड्याळं दुरुस्त करणारे दोन भाऊ, आणि तेच खुनी. हे पहिल्याच भागात कळायचं. प्रश्न एवढाच, की इन्स्पेक्टरला कधी कळणार. त्याला घाई नव्हती. एका अख्ख्या भागात त्याने फक्त एक जुनी फाईल शोधली, आणि तीही सापडली नाही. खून मोजकेच. पण त्या भावांची एक रीत होती – गल्लीतून चालत जायचं आणि प्रत्येक दाराला एका बोटाने हलकेच ढकलून बघायचं. कडी लावलेली असली तर पुढे. नसली तर आत. बस, एवढंच. त्या एका बोटाने सगळं नगर घाबरलं. माळीवाड्यातल्या एका हार्डवेअरवाल्याने मला स्वतः सांगितलं, की पितळी कड्या संपल्या, आता लोखंडी घेऊन जा.

आमच्या संपादकांनी, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, लगेच ‘पडद्यासमोरून’ नावाचं सदर काढलं. प्रेक्षकांची पत्रं, दर बुधवारच्या अंकात. सदर माझ्याकडे. सुरुवातीला पत्रांचा पाऊस. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘समाजमनाची जडणघडण’ या विषयावर अकरा पानं पाठवली, मालिका पाहिलेली नाही हे शेवटच्या पानावर नमूद करून. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या सहा जणांनी सह्यांचं निवेदन दिलं, की आमच्या धंद्याची बदनामी थांबवा, गिऱ्हाईक घड्याळ देताना आमच्या हाताकडे बघतंय. आणि एका बाईंनी लिहिलं होतं, की थोरला भाऊ आईशी किती मऊ बोलतो, आमच्या ह्यांनी शिकावं.

मग मालिका रेंगाळली आणि पत्रं आटली. अकराव्या आठवड्याला माझ्याकडे तीन पोस्टकार्डं होती, त्यातली दोन मुख्याध्यापकांची. मंगळवार दुपार, पान लागायला तासभर... आणि माझ्या डोक्यात आलं, की शिंगणापूरच्या बाजूला घरांना दारंच नाहीत. देवाच्या भरवशावर नुसती चौकट. तिथे ही मालिका कशी बघत असतील?

मी पत्र लिहून टाकलं. खाली सही – ‘कौसल्या, बिनदाराचं घर.’ आडनाव नाही, गावाचं नाव नाही. ‘संपादकसाहेब, तुमच्या शहरात लोक कड्या घेतात असं ऐकलं. आमी काय घ्यावं?’ पुढे बाई सांगते, की शेजारच्या ओट्यावर बसून मालिका बघते, नवरा ऊसतोडीला गेलाय, सासूला ऐकू कमी येतं, म्हणून चौकटीत परात उभी करते आणि तिला उलथनं टेकवते. कोणी आत आलं तर वाजेल. दार नव्हे ते, परात आहे, म्हणजे देवाचा नेमही मोडत नाही.

लोकांनी ते पत्र डोक्यावर घेतलं. पानाच्या टपऱ्यांवर परात-उलथनं हा विनोद झाला. मी, पुस्तकं वाचलेला माणूस, एका खेडवळ बाईच्या तोंडून शहराला हसवत होतो आणि मला ते फार चांगलं जमत होतं. दर मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास कागद पुढे घ्यायचो आणि कौसल्याबाई सुरू व्हायच्या. विचार करावा लागायचा नाही. सासू उलथन्याच्या आवाजाने नाही, पण परातीवर उन्हाचा कवडसा पडला की दचकते. तांबड्या शेळीने परात चाटून पाडली. अशी चार पत्रं छापली.

पाचव्या मंगळवारी तसाच बसलो. हात चालू झाला आणि एका दमात पान भरलं. वाचून पाहिलं तर त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. कौसल्याबाईंनी लिहिलं होतं, की परात टीव्हीवरल्या खुन्यासाठी नाही, दिरासाठी आहे. धाकटा दीर चौकटीत येऊन उभा राहतो. आत येत नाही अजून. नुसता उभा राहतो. सासूला ऐकू येत नाही, नवरा कारखान्यावर.

हे कुठून आलं मला कळलं नाही. विनोदी सदरात बसणारं नव्हतं. मी कागद घडी करून टेबलाच्या खणात टाकला, कुलूप लावलं आणि मुख्याध्यापकांचं पत्र छापलं. किल्ली माझ्या खिशात. त्या कागदाबद्दल मी कोणालाही, बायकोलाही, सांगितलं नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इकडे भाऊसाहेबांना समारंभाची लहर आली. त्यांना शाल-श्रीफळाशिवाय कुठलीही गोष्ट पूर्ण झाली असं वाटतच नसे. आमच्या छपाई मशीनचाही एकदा सत्कार झाला होता. त्यांनी पहिल्या पानावर चौकट छापली – ‘प्रेक्षक-गौरव : उत्कृष्ट पत्रलेखिका कौसल्याबाई यांनी कार्यालयात येऊन भेटावे.’ पत्रं मी लिहितो हे त्यांना माहीत नव्हतं. सांगावं तर नोकरी गेली. म्हटलं, कोणी येणार नाही, चौकट विसरली जाईल.

शुक्रवारी दुपारी ती आली.

तिशीची असेल. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. दारातून आत आली आणि मागे वळून आमच्या त्या दाराकडे, त्याच्या कडीकडे, थोडा वेळ बघत राहिली.

“मी कौसल्या,” ती म्हणाली. “पेपरात बोलावलं हुतं न्हवं?”

भाऊसाहेब केबिनमधून धावत आले. “या या, कौसल्याबाई! अहो, सगळं नगर तुम्हाला ओळखतं. चहा सांगा रे! काय तुमची लेखणी!”

“मला लिव्हाया येत न्हाई, साहेब.”

भाऊसाहेब मोठ्याने हसले. “बघा, काय विनोदबुद्धी आहे!”

माझी पहिली शंका – ऑफिसातल्या कुणीतरी माझी चोरी ओळखून ही बाई उभी केली. मी तिला एक-दोन प्रश्न विचारले, वरवरचे. तिची सासू बहिरी. नवरा टोळीबरोबर तोडीला. शेळी तांबडीच. छापलेलंच सगळं, वाचून कोणीही सांगेल. मला हायसं वाटलं. मग भाऊसाहेब फोटोग्राफरला बोलवायला आत गेले आणि ती माझ्याकडे वळली.

“तुमीच लिव्हता न्हवं?”

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

“रागानं न्हाई इचारत. बरं लिव्हता. वस्तीवर कंडक्टर पेपर टाकतो, सरपंचाची सून वाचून दावते. समदी हसत्यात. ‘ए पेपरवाले’ म्हनत्यात मला. सासूबाईचं तर जसंच्या तसं उतारलंय. मंगळवारी मी पाट्यावर वाटाया बसते. दुपारचं. तवा मनातल्या मनात बोलत असते. ते तुमच्याकडं कसं येतं मला ठाव न्हाई. पन येतं.”

“बाई, हे असं काही नसतं,” मी म्हणालो. माझा आवाज मला शिक्षकासारखा वाटला.

“आसंल. न्हाई तर न्हाई.” तिने आवाज खाली केला. “चार हसायची छापली. पाचवं का न्हाई छापलं?”

ट्यूबलाइट गुणगुणत होती. मी विचारलं, “कुठलं पाचवं?”

“भावजींचं.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाच्या खणाकडे बघत होती.

“मी बोलले तर ते घरातच ऱ्हाईल,” ती म्हणाली. “म्हनतील, तिलाच खोड हाय. छापून आलं तर मला बोलावं लागनार न्हाई. समदी वस्ती आईकल. सरपंचाची सून मोठ्यानं वाचती. नाव नका टाकू त्याचं. नुसतं ‘दीर’ म्हना. कळतंय समद्यांस्नी. शाल नको मला साहेब, तेवढं छापा. मालक अजून दोन महिनं येत न्हाईत.”

भाऊसाहेब परत आले. “काय छापायचंय? नवीन पत्र आणलंत की काय?”

आता माझ्यापुढे काय होतं ते सांगतो, कारण इथेच सगळी लाज आहे. खण उघडून कागद काढला असता तर माझं अक्षर भाऊसाहेबांनी ओळखलं असतं. चार पत्रं बनावट होती हे उघड झालं असतं. नोकरी गेली असती, कदाचित. नगरमध्ये हसं झालं असतं, नक्की. बायको तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, हे कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःला देत आलो.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “त्यांना वाटतंय त्यांचं एक पत्र राहिलंय. तसं पत्र आपल्याकडे आलेलं नाही.”

ती पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “आलं न्हाई व्हय?”

“नाही.”

“बरं.”

चहा तसाच ठेवून ती उठली. फोटो काढू दिला नाही, गाडी चुकेल म्हणाली. जाताना आमचं दार तिने आपल्यामागे व्यवस्थित ओढून घेतलं. ते दार कोणी कधीच लावत नसे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खण उघडला. कुलूप होतं तसं. घडी होती तशी. अक्षर माझंच.

कौसल्याबाईंचं पुढचं पत्र मला कधीच जमलं नाही. मंगळवारी दोन वाजता कागद घेऊन बसायचो आणि समोर फक्त कागद असायचा. तिसऱ्या आठवड्यात मला राहवेना. ‘सत्काराची शाल पोचवायची आहे’ या निमित्ताने एसटीने गेलो. घोडेगावाला उतरून पुढे विचारत विचारत ती वस्ती काढली. चौकट पाहूनच घर ओळखलं. परात भिंतीला उलटी टेकवली होती, उलथनं जमिनीवर. तांबडी शेळी ओट्याला बांधलेली. ओट्यावर पंचविशीचा एक माणूस, चांगला हसतमुख. त्याने उठून मला पाणी दिलं.

“वहिनी व्हय? त्या गेल्या माहेरी. आठ दिस झालं.”

“परत कधी येणार?”

“कोन जानं.” शाल त्याने माझ्या हातातून घेतली, झटकली, बघितली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली. “लई झ्याक हाय.”

मी म्हणालो, “हो.” एवढंच म्हणालो. आणखी म्हणण्यासाठीच नगरहून आलो होतो.

निघताना आतून म्हातारी बाहेर आली. माझा एकही शब्द तिला ऐकू गेलेला नव्हता. तिने मला खालून वरपर्यंत बघितलं आणि बहिऱ्या माणसांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, “तुमीच व्हय ते? कौशी कानात वरडून सांगून गेली. म्हनली, एक मानूस येईल. उशिरा येईल, पन येईल.”

मालिका पुढे दोन महिन्यांनी संपली. घड्याळवाले भाऊ पकडले गेले. समाजमनाची जडणघडण पूर्ववत झाली, असं मुख्याध्यापकांनी कळवलं. मी नंतर दोनदा त्या वस्तीवर चौकशी केली. एकदा कळलं, ती आणि नवरा पुण्याकडे कुठेतरी गेले. दुसऱ्यांदा त्याबद्दल कोणी बोलेना. ती नवऱ्याबरोबर गेली, की ते नुसतं सांगण्यापुरतं होतं, मला माहीत नाही.

मी बरीच स्पष्टीकरणं करून पाहिली. एसटीत कुणाचं बोलणं कानावर पडलं असेल. बिनदाराच्या घरात एकटी बाई म्हटल्यावर कुणाच्याही मनात तेच येईल. योगायोग. यातलं प्रत्येक स्पष्टीकरण पहिल्या चार पत्रांना पुरतं. कुलपातलं पाचवं तिला कसं कळलं, याला एकही पुरत नाही. बायकोला मी हे गेल्या वर्षी सांगितलं. ती म्हणाली, “कसं आलं हे काय शोधत बसलाय? आलं होतं ना?”

आलं होतं. ते आलेलं नाही असं मी तिच्या तोंडावर म्हणालो.

कागद अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटलाय. शेवटच्या ओळी जशा होत्या तशा देतो, एक अक्षरही न सुधारता. दैनिक नाही, वस्तीवर मोठ्याने वाचणारी ती सून आता कुठे असेल ठाऊक नाही. पण छापतोय.

‘...टीव्हीवरला खुनी बरा साहेब. तो कडी बघून पुढं जातो. आमच्या दिराला ठाव हाय की दारच न्हाई. देवावर माझा भरवसा हाय. चोर येनार न्हाई. पन घरचा मानूस चोर न्हवं, त्येला देव कसा अडवील? कोनी तरी ह्ये मोठ्यानं वाचा. मी हितं परातीमागं बसून आईकते.’