न वाजवायचं मडकं

लंडनमधल्या वेम्बलीच्या मंदाकिनी कुंभार रिटायर झाल्यावर म्युझियमच्या स्टोअरमध्ये व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागल्या. मेसोपोटेमियातल्या एका प्राचीन शहराबाहेरच्या कारागीर वस्तीत सापडलेली भांडी मऊ ब्रशने झाडायची, एवढंच काम. पण बाई कुंभाराच्या पोटच्या! मडकं हातात आलं की टिचकी मारून ऐकल्याशिवाय त्यांना राहवायचंच नाही. सुपरवायझर ओरडायची. बाई "सॉरी" म्हणायच्या आणि तिची पाठ वळली की पुन्हा वाजवायच्या.

एकदा एक इवलंसं मडकं त्यांनी वाजवलं. आवाज असा खणखणीत, जणू आत्ताच भट्टीतून निघालंय. सुपरवायझर या वेळी ओरडली नाही. हळूच म्हणाली, "हे तिथल्या एका लहान मुलाच्या थडग्यातलं आहे."

बाईंनी मडकं अलगद खाली ठेवलं. माहेरी मर्तिकाचं मडकं कुणी वाजवून घेत नसे. वडील म्हणायचे, "गेलेल्याला वाटतं, आपल्याला बोलावलं."

तेव्हापासून रोज चहाच्या वेळी बाईंच्या किचनच्या दारावर टिचकी वाजते. अगदी खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथे. आणि घरात एकट्याच असलेल्या बाई गॅस बारीक करून म्हणतात, "आले रे बाळा, आले!"