दिगूच्या दहाव्याला अडलेला कावळा

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तंबाखू मळत होतो. फोन खांद्यात धरून बातमी ऐकली, आणि सवयीनं चिमूट गालात टाकली. जबड्याच्या कर्करोगानं मित्र गेला आणि मी त्याच्या मारेकऱ्याला गालात बसवून हळहळतोय... एवढा मी शहाणा.

ही विद्या त्याला मीच दिली. लातुरात शिक्षकभरतीचा अभ्यास करताना आम्ही एका खोलीत राहायचो. दिगू उमरीकडचा, निर्व्यसनी, पाढे तोंडपाठ. मी म्हणालो, "घे की, डोकं उघडतंय." उघडलं, असं दोघांनाही वाटलं. महिनाभरात चिमूट नसली की तो एकच पान चारदा वाचू लागला. परीक्षेच्या दारात खिसे तपासले. माझी पुडी मोज्यात होती. त्यानं स्वतःची इमानदारीनं काढून दिली आणि तीन तास सोप्या गुणाकारावर अडून बसला. मी मास्तर झालो, तो शेतीकडं परतला. हा किस्सा मी वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगितला. दिगूही हसायचा... शेवटी त्याच्या आजारपणात नांदेडच्या डॉक्टरांनी समजावलं, की तंबाखू डोकं वाढवत नाही. आधी तीच उणीव पाडते, मग तीच भरून देते. चोरानंच दिवा विझवायचा आणि काडी ओढून उपकार करायचा.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. कुणीतरी म्हणालं, त्याची आवडती वस्तू ठेवा. सगळ्यांनी माझ्या खिशाकडं पाहिलं. मी पुडी काढली, ठेवणारच होतो.

"हिला पानावर जागा न्हाई, भावजी," दिगूची बायको, सुशीलावहिनी, म्हणाल्या. "शेवटी पानी सुदिक गिळू दिलं न्हाई हिनं त्यांला. तुमच्यातच जीव अडकलाय त्यांचा. सोडली म्हना."

मी पुडी दगडावर टाकून चपलेनं रगडली, रगडतच राहिलो. "दिगू, सोडली." कावळा हलेना, माझा भरवसा त्यालाही नसावा. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा कुठं उतरला.

पाच आठवडे झाले. वर्गात पोरांची नावं विसरतो, वाक्य अर्ध्यात सुटतं. एवढासा लेख नऊ दिवस चाललाय. चालू द्या. तंबाखूच्या मदतीनं दिगूवर एक ओळही लिहायची नाही, इतका सूड तरी माझ्या वाट्याचा आहे.

वहिनींनी त्याची तंबाखू-चुन्याची डबी मला दिली. झाकणावर त्याच्या अंगठ्यानं झिजून खळगा पडलाय. मी ती राखेनं घासली आणि टाचण्यांनी गच्च भरली. दिवसातून दहादा हात तिच्याकडं जातो, अंगठा नेमका त्या खळग्यात बसतो, झाकण उघडतं... आणि आत तंबाखूला शिरायला जागा नसते.